सुवर्णमुद्रेवरील पांडा

गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या एका सुवर्णमुद्रेवर अश्वारूढ राजा गेंड्यावर शस्त्र चालवीत असल्याचे चित्र आहे. १९४६ साली भरतपूरजवळ बयाना येथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा मोठा निधी सापडला, त्यातही या प्रकारची नाणी होती. आणि त्या निधीची सूची सिद्ध करणारे विद्वान डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे आपले मराठीच. त्या काळी अरण्ये अफाट होती. श्वापदाचा वध हे राजाच्या पराक्रमाचे चिन्ह मानले जाई व ते सोन्यावर उमटविले जाई. सुमारे दीड हजार वर्षांनंतर चीनने काढलेल्या एका सुवर्णमुद्रेवर मात्र राजाही नाही आणि शस्त्रही नाही. तेथे आहे तो बांबूच्या सान्निध्यात निवांत बसलेला पांडा.

ही मुद्रा प्रथम १९८२ साली निघाली. आपल्याकडे गिनी घेऊन ठेवण्याची रीत होती, तशीच ही सोन्याच्या संचयासाठी घ्यावयाची मुद्रा आहे. हजारांत ९९९ भाग शुद्ध सोने आणि एक, अर्धा, पाव व एक दशांश औंस अशी आरंभीची वजने. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, जुन्या तोळ्याच्या हिशेबाने पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी. पहिल्या वर्षी तीवर दर्शनी मूल्यही नव्हते. ते १९८३ पासून आले. २०१६ पासून औंस जाऊन ३०, १५, ८, ३ आणि १ ग्रॅम ही मापे रूढ झाली.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगररँडवर १९६७ पासून तेच एक हरिण धावत आहे. पांडाचे चित्र मात्र दरवर्षी नवे असते. २००१ चे चित्र २००२ साली तसेच ठेवले, तेव्हा संग्राहकांना ते रुचले नाही व पुढे नव्या चित्राची प्रथा पुन्हा सुरू झाली. त्यामुळे या मुद्रेला दोन मोले आहेत. एक सोन्याचे, जे तराजू सांगतो, दुसरे दुर्मिळतेचे. ज्या वर्षी नाणी थोडी पाडली गेली, त्या वर्षीच्या नाण्यासाठी हौशी माणूस सोन्याच्या भावाहून पुष्कळ अधिक पैसे मोजतो.

नाण्याची दुर्मिळता अशी संग्राहकाला सुखावते. प्राण्याच्या दुर्मिळतेत मात्र सुखावण्याजोगे काहीच नसते. पांडाचा जवळजवळ सारा आहार बांबूचा. बांबूला अनेक वर्षांनी फुलोरा येतो आणि मग बेटेच्या बेटे एकदम वाळून जातात. पूर्वी पांडा अशा वेळी दुसऱ्या डोंगराकडे वळत असे. पुढे मध्ये शेते, रस्ते व वस्त्या आल्या आणि ती वाट बंद झाली. १९८५ ते १९८८ या काळातील गणनेत रानातील पांडांची संख्या १,११४ भरली. म्हणजे सोन्यावर त्याची छबी दरसाल उमटत होती, तेव्हा प्रत्यक्षात तो एखाद्या लहान गावाच्या लोकसंख्येएवढाच उरला होता.

त्याला सावरले ते अरण्याने. चीनने १९८८ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलांतील वृक्षतोडीवर कठोर निर्बंध आले. राखीव वने वाढली. २०११ ते २०१४ च्या गणनेत ही संख्या १,८६४ वर गेली. २०१६ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने पांडाला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून त्याहून एक पायरी सौम्य अशा ‘असुरक्षित’ वर्गात ठेवले. २०२१ साली सिचुआन, शान्शी व गान्सू या प्रांतांत मिळून सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. धोका टळला असे अजूनही म्हणता येत नाही, कारण हे पांडा एकमेकांपासून तुटलेल्या वनखंडांत विखुरलेले आहेत.

या मुद्रेची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. तीवर बीजिंगच्या स्वर्गमंदिरातील जे गोल सभागृह आहे, तेथे पूर्वीचे सम्राट उत्तम पीक यावे म्हणून प्रार्थना करीत. एका अंगास माणसाच्या अन्नासाठी केलेली प्रार्थना, दुसऱ्या अंगास बांबूवर जगणारा मुका जीव. नाणे एकदा आटवले तरी त्याच सोन्याचे पुन्हा पाडता येते. एकदा नाहीशी झालेली प्राण्याची जात कोणत्याही टांकसाळीत घडविता येत नाही. संग्राहकाने पेटीतील ती मुद्रा हौसेने न्याहाळावी, पण तीवरील प्राण्याचे जगणे बांबूच्या त्या डोंगरांवर अवलंबून आहे, हेही ध्यानी ठेवावे.