टोपण कोणत्या रंगाचं?

व्हिडिओ कॉल लागला की पडद्यावर आधी पंखा दिसतो, मग छत, मग अर्धं कपाळ. "काका, फोन तांब्याला टेकवून ठेवा," पुण्यातली डायबेटिस एज्युकेटर सांगते. सत्तरीतल्या काकांचा चेहरा चौकटीत येतो. तिला मात्र त्यांचे हात बघायचे असतात.

"सांगू नका, करून दाखवा."

काका इन्सुलिनच्या पेनाला सुई लावतात आणि थेट पोटाकडे नेतात. "थांबा. आधी दोन युनिट हवेत सोडा. टोकाला थेंब आला?" पेनात हवा राहिली तर डोस कमी जातो, म्हणून थेंब दिसेपर्यंत ती पुढे सरकत नाही. बटण दाबल्यावर दहा अंक मोजायचे आणि मगच सुई काढायची. काका चारलाच काढतात. कातडीवर उरलेला औषधाचा थेंब कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतो. दवाखान्यात 'येतं मला' म्हणून सुटलेली चूक घरच्या टेबलावर सापडते.

कुपीतून इन्सुलिन घेणाऱ्यांना ती आधी सिरिंज दाखवायला लावते. टोपण कोणत्या रंगाचं? आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी असते. ४० च्या कुपीतलं औषध केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. "वीस घेतो" एवढंच फोनवर ऐकणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि दुरून उपचार करण्याला नियमांची चौकट मिळाली. पुण्यातला मधुमेहाचा अभ्यास मात्र त्याआधीच लोकांच्या दारी गेला होता. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदरपणाच्या आधीपासून स्त्रियांची पाहणी सुरू केली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी भरली, पण त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी टिकून होती. "मी तर बारीक, मला कशी शुगर?" असं विचारणाऱ्याला द्यायच्या उत्तराचा एक धागा त्या गावांतून निघतो.

दंडाच्या मागे चिकटून सतत शुगर मोजणाऱ्या, नाण्याएवढ्या सेन्सरची शिकवणी वेगळी. सेन्सर लावणं मिनिटाचं काम. खरी शिकवणी पुढच्या १४ दिवसांच्या आलेखाची. पहाटे तीनला शुगर ५८ दिसली, घरचे घाबरले. तिचा पहिला प्रश्न: "कोणत्या कुशीवर झोपता?" सेन्सर अंगाखाली दबला की आकडा खोटाच खाली जातो. शंका आली तर बोट टोचून बघायचं, कारण सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींभोवतालचं पाणी मोजतो, आणि ते रक्ताच्या काही मिनिटं मागे असतं. एकादशीच्या दुपारी आलेख उंच चढलेला दिसतो. "उपास होता हो!" उपास होता, आणि साबुदाण्याची खिचडीही होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ती रागावत नाही, पुढच्या एकादशीला भगर थोडी आणि सोबत दही, शेंगदाणे, असं ठरवून घेते.

पायांची संवेदना मात्र कॉलवर तपासता येत नाही, आणि येते असं कुणी म्हणूही नये. त्यासाठी काकांना दवाखान्यात यावंच लागतं. एकाच जागी सुई टोचून झालेल्या गाठीही बोटांनाच नीट कळतात.

शेवटी ती काकूंना बोलावते. शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

"साखर कुठे असते घरात?"

काकांना मधुमेह निघाल्यापासून डबा वरच्या फळीवर, सगळ्यात मागे. काकू स्टुलावर चढतात, डबा खाली काढतात आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवून फोन तिकडे वळवतात.