ओतँ येथील सेंट लाझार चर्चची रोमनेस्क शिल्पे : कर्तृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना :
अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात विकसित झालेल्या वास्तुशैलीस एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी ‘रोमनेस्क’ ही संज्ञा दिली. जाड भिंती व अर्धवर्तुळाकार कमानी ही या शैलीची ठळक लक्षणे होत. प्रवेशद्वारावरील अर्धवर्तुळाकार शिलापट, म्हणजेच टिंपॅनम, आणि स्तंभशीर्षे ही तिच्यातील शिल्पांची प्रमुख स्थाने. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ओतँ येथील सेंट लाझार चर्चचे बांधकाम इ. स. ११२० च्या सुमारास सुरू झाले. तेथील शिल्पे या परंपरेतील श्रेष्ठ कृतींत गणली जातात.

शिल्पाचे स्वरूप :
पश्चिमद्वारावरील शिलापटाचा विषय ‘अंतिम न्याय’ हा आहे. मध्यभागी ख्रिस्ताची भव्य आकृती असून इतर आकृती तुलनेने लहान आहेत. येथे आकारमान हे शरीराचे नव्हे, तर महत्त्वाचे माप आहे. एका बाजूस आत्म्यांचे वजन होत असता राक्षस तराजू आपल्याकडे झुकवू पाहतो. खालच्या पट्टीवर थडग्यांतून उठणारी माणसे आहेत. त्यांतील दोन यात्रेकरूंच्या झोळ्यांवर शिंपला व क्रूस कोरलेले आहेत. शापितांपैकी एकाचे डोके दोन प्रचंड हातांनी पकडले आहे.

शिल्पाचा इतिहास :
अठराव्या शतकातील धर्माधिकाऱ्यांना हे शिल्प ओबडधोबड वाटले. १७६६ मध्ये त्यांनी त्यावर गिलावा चढविला आणि पुढे आलेले ख्रिस्ताचे मस्तक काढून टाकले. तथापि याच गिलाव्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील विध्वंसापासून शिल्प वाचले. १८३७ मध्ये ते पुन्हा उघड करण्यात आले व १९४८ मध्ये मस्तक मूळ जागी बसविले गेले. उत्तरद्वारावरील ‘ईव्ह’चे शिल्प १८५६ मध्ये एका घराच्या बांधकामात सापडले. आज ते तेथील रोलँ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

कर्तृत्वाचा प्रश्न :
ख्रिस्ताच्या पायांखाली ‘गिस्लेबर्टसने हे केले’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. देनी ग्रिव्हो व जॉर्ज झार्नेकी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी गिस्लेबर्टसला शिल्पकार मानून येथील बहुतांश शिल्पे त्याच्या नावे मांडली. लिंडा सायडेल यांनी १९९९ मध्ये या मतास आव्हान दिले. त्यांच्या मते हे नाव कारागिराचे नसून पूर्वकालीन सरदाराचे आहे. मराठीत ‘केले’ व ‘करविले’ असा स्पष्ट भेद करता येतो. मध्ययुगीन लॅटिन लेखांतील संबंधित क्रियापद मात्र दोन्ही अर्थांनी येते, आणि वादाचे मूळ येथेच आहे.

निष्कर्ष :
गिस्लेबर्टस शिल्पकार असल्यास ओतँची शिल्पे ही एका प्रतिभावंताची निर्मिती ठरतात. तो आश्रयदाता असल्यास त्यांचे श्रेय अनाम कारागिरांकडे जाते. एका क्रियापदाच्या अर्थनिश्चितीवर कलेतिहासातील एका व्यक्तीचे अस्तित्व अवलंबून असावे, ही बाब शिलालेखांचे वाचन किती सावधपणे करावयास हवे हे दर्शविते.