परिपत्रक मिळाले नव्हते

आमच्या बँकेच्या शाखेत परिपत्रकांची एक जाडजूड फाइल असे. मुख्य कार्यालयाकडून नवे परिपत्रक आले की शिपाई ते टेबलाटेबलावर फिरवी आणि वाचल्याची खूण म्हणून प्रत्येक अधिकाऱ्याने कोपऱ्यात छोटी सही करायची. न वाचताच सही ठोकणारे पुष्कळ होते, मीही त्यांतलाच. पण सही केली की जबाबदारी आली. पुढे तपासनीसाने चूक काढली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालत नसे.

ही फाइल आठवली ती नागपूरमुळे. १७ मार्च २०२५ रोजी तेथे दंगल झाली. २४ मार्चला महापालिकेने त्या दंगलीतील एका प्रमुख आरोपीचे घर बुलडोझर लावून पाडले. आरोपीच्या आईने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धाव घेतली. स्थगिती त्याच दिवशी मिळाली, पण तोवर घर उरले नव्हते. पुढच्या महिन्यात महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. कारण काय, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची संबंधित अधिकाऱ्यांना कल्पनाच नव्हती.

ते निर्देश १३ नोव्हेंबर २०२४ चे. देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख न्या. भूषण गवई. ते मूळचे अमरावतीचे, आणि वकिलीची बरीच वर्षे नागपुरातच काढलेले. निकाल देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापला होता. तो चार महिन्यांत नागपूरच्या महापालिकेपर्यंत पोहोचू नये याला काय म्हणावे? आमच्या तालुक्याच्या शाखेतसुद्धा टपाल यापेक्षा लवकर येई.

निर्देश मोठे नेमके आहेत. बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि शिवाय भिंतीवरही डकवायची. कोणता नियम मोडला ते तीत लिहायचे. त्याच वेळी जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेलने कळवायचे, म्हणजे मागची तारीख घालून नोटीस ‘बनवता’ येऊ नये. (हे कलम वाचून मला हसू आले. ज्याने सरकारी कागद हाताळले आहेत त्यालाच ते सुचावे.) मग प्रत्यक्ष म्हणणे ऐकून घ्यायचे. पाडण्याखेरीज दुसरा इलाज का नाही, हे आदेशात नोंदवायचे आणि त्यानंतरही पंधरा दिवस थांबायचे. पाडकामाचे चित्रीकरण करायचे. हे सारे धाब्यावर बसवणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल व्हायची, तीही त्याच्या स्वतःच्या खिशातून. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी यांवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. आता हिशेब करा. दंगल १७ ला, बुलडोझर २४ ला. सात दिवसांत पंधरा दिवस बसवण्याचे गणित कोणत्याही बँकेत शिकवलेले नाही.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हे मी बोलून दाखवले, तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक उसळून म्हणाले, ‘‘अहो साहेब, दंगल करणाऱ्यांना कसल्या नोटिसा पाठवता? आरती ओवाळायची का त्यांची?’’

मी म्हटले, ‘‘सर, आमच्याकडे पन्नास लाख बुडवणाऱ्यालासुद्धा साठ दिवसांची नोटीस जात होती.’’

ही अतिशयोक्ती नव्हे. थकीत कर्जासाठी गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याचा २००२ चा जो ‘सरफेसी’ कायदा, त्यानुसार आधी साठ दिवसांची मागणी नोटीस. कर्जदाराने हरकत घेतली तर तिला लेखी उत्तर. ताबा घेतल्याची नोटीस दारावर आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातले एक स्थानिक भाषेतले. त्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायची मुभा. त्या वेळी आम्ही या कटकटीला किती शिव्या दिल्या असतील! पण थकबाकीदाराच्या पिवळ्या पडलेल्या भिंतीवर नोटीस चिकटवताना एक धीर असे, की उद्या मी चुकलो असेन तर घर अजून उभे आहे.

सर म्हणाले, ‘‘पण ते बांधकाम बेकायदा होते ना?’’

असेलही. पण आमच्या सोसायटीत अठरा सदनिका आहेत आणि चौदांच्या बाल्कन्या बंदिस्त आहेत. सरांचीही. तशीच अनेक बांधकामे शाबूत ठेवून एकाएकी एकच निवडले, तर हेतूबद्दल शंका येते, असे त्याच निकालात म्हटले आहे. मालवणात फेब्रुवारी २०२५ मध्ये एका क्रिकेट सामन्यानंतर आक्षेपार्ह घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी आरोप झालेल्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान जमीनदोस्त झाले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली तो दिवसही योगायोगाने २४ मार्चच.

सर गप्प झाले, पण पटले असे दिसले नाही. आणि खरे सांगायचे तर सरांना पटवण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न घरी येईपर्यंत माझी पाठ सोडीना.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो. गावातून एक नाला वाहत असे आणि पलीकडे बहुतेक वस्ती मुसलमानांची. ‘नाल्यापलीकडे कर्ज देऊ नये’ असे लिहिलेले परिपत्रक कोणी कधी काढले नाही. सांगावे लागतच नव्हते. कोपऱ्यात सही न करताही ते आम्हा सगळ्यांना पाठ होते. पुढे २००६ साली सच्चर समितीच्या अहवालात काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात असा उल्लेख वाचला, तेव्हा मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

पलीकडचा एक वेल्डिंगवाला घरदुरुस्तीसाठी पंचवीस हजार मागायला आला. धंद्याचा परवाना होता, दोन जामीनदार होते. घराची खरेदी बाँडपेपरवरची. पण तसल्याच कागदावर अलीकडच्या तिघांना मी त्याच वर्षी कर्ज दिले होते. मी शेरा मारला, ‘जागेची कागदपत्रे समाधानकारक नाहीत.’

तो म्हणाला, ‘‘साहेब, कोणता कागद कमी आहे तेवढं सांगा. आणून देतो.’’

मी समोरची फाइल चाळत राहिलो. थोडा वेळ उभा राहून तो निघून गेला.

त्याचे आमच्याकडे आवर्त ठेवीचे खाते होते. माझी बदली होईपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला तो काउंटरवर येऊन हप्ता भरत असे, आणि जाताना माझ्या टेबलाकडे बघून न चुकता सलाम करी.