पुस्तकाआधी कान

दुसऱ्या इयत्तेतल्या एका मुलाने आमच्यासमोर गोष्टीचे पुस्तक घडाघडा वाचून दाखवले. आई कौतुकाने पाहत होती. आम्ही चित्रावर हात ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मुलगा गप्प झाला. तो वाचत नव्हता. चित्र पाहून आणि पाठांतराच्या जोरावर शब्द सांगत होता. दोष त्याचा नव्हता. शब्द अडला की चित्राकडे पाहा, असे आम्ही शिक्षकच त्याला सांगत आलो होतो.

ही अडचण आपल्या बेटापुरती नाही. कॅनडात टोरोंटोच्या उत्तरेला वॉन नावाचे शहर आहे. तेथे भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबे राहतात, त्यांत मराठी घरेही आहेत. हे शहर ज्या ऑन्टारियो प्रांतात आहे, तेथील मानवी हक्क आयोगाने २०२२ साली वाचनाच्या हक्काविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १५७ शिफारशी होत्या. चित्र पाहून शब्दाचा अंदाज करायला लावू नका, अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पायरीपायरीने शिकवा, असे आयोगाने बजावले. वाचता येणे हा मुलाचा हक्क आहे, अशी त्यामागची भूमिका. २०२३ साली प्रांताने पहिली ते आठवीचा भाषेचा अभ्यासक्रम बदलला. बालवर्गाच्या दुसऱ्या वर्षापासून दुसऱ्या इयत्तेपर्यंतच्या मुलांची वाचनाची तपासणीही शाळांवर बंधनकारक झाली.

शाळा आपले काम करील. पण घराने काय करायचे? वॉनमधल्या मराठी आईच्या घरी मराठी, तर मुलाच्या शाळेत इंग्रजी. आपल्या बहुतेक घरांत क्रिओल, तर शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी. “आम्हाला शाळेची भाषा नीट येत नाही, आम्ही काय शिकवणार?” असे म्हणून कितीतरी आईवडील मागे सरतात. आजी तर म्हणते, “मला अक्षरओळखच नाही.” पालकहो, येथेच आपली चूक होते.

वाचनाची तयारी कानापासून होते. शब्द ध्वनींचा बनलेला असतो हे ज्या मुलाच्या कानाला उमगले, त्याला अक्षरे शिकणे सोपे जाते. एका भाषेत आलेली ही समज दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. त्यासाठी पुस्तक लागत नाही. भाजी निवडता निवडता विचारा: ‘भात’ आणि ‘भाजी’ यांच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे? ‘कान’मधला पहिला आवाज काढून तेथे ‘प्’ घातला तर काय होईल? ‘पान’! हा खेळ मराठीत चालतो, क्रिओलमध्येही चालतो, आणि आजी तो उत्तम खेळू शकते.

मग अक्षरांकडे वळावे. देवनागरीत ‘क’मध्ये ‘अ’ मिसळलेला असतो. रोमन लिपीत व्यंजन आणि स्वर वेगवेगळे लिहितात. म्हणून इंग्रजी अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज हे दोन्ही मुलाला सांगा: ‘बी’ हे नाव, ‘ब्’ हा आवाज. शिवाय इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक आवाज होतात. मूल तेथे अडखळले तर रागावू नका.

रोज दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन बसा. शब्द अडला तर थोडे थांबा. बोट चित्रावर न ठेवता शब्दावर ठेवा, आणि आवाज एकेक करून जोडायला सांगा. तरीही जमले नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. चित्रे गप्पांसाठी ठेवा. “आता पुढे काय होईल?” हे आपल्या बोलीत विचारा, त्याने गोष्ट समजते आणि शब्दसंपत्ती वाढते.

ऑन्टारियोत २३ विद्यार्थ्यांच्या वतीने मागणी आली तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो. म्हणजे तेथील मराठी पालकांना आधी माणसे जमवावी लागतात. आपल्याकडे प्राथमिक शाळेत मराठी शिकता येते. उसाच्या शेतात दिवसभर राबून आपले पूर्वज बैठकीत मुलांना अक्षरे शिकवण्याची सोय करीत. त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःला वाचता येत नव्हते, तरी ते मागे सरले नाहीत.

त्या मुलाची आई आता रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता आवाजांचा खेळ खेळते. मुलगा अजून सावकाश वाचतो, पण चित्र झाकले तरी थांबत नाही. आपणही आज रात्रीपासून सुरुवात करावी, ही विनंती.