तिथीची पाऊणपट आणि भरतीचा आलेख

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला त्यासाठी कागद लागत नसे.

चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी सरते. आकाश तासाला 15 अंश फिरते. म्हणून दर तिथीला भरती सरासरीने 48 मिनिटे, म्हणजे दोन घटका, उशिरा येते. पाऊणपटीत ती 45 धरली आहेत. पौर्णिमेपर्यंत ही तूट साचून पाऊण तासाची होते आणि उत्तर बाराऐवजी सव्वाअकरा येते.

हा हिशेब वेळ सांगतो, उंची सांगत नाही. उंचीसाठी दर्यावर्दींकडे वेगळे शब्द आहेत: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. त्रिकोणमितीच्या आलेखातही या दोन गोष्टी अशाच वेगळ्या असतात. एक आवर्तनकाल, दुसरा आयाम.

मुंबईच्या अपोलो बंदरात उधाणाची भरती सरासरी 4.4 मीटर, ओहोटी 0.8 मीटर. दोहोंचा मध्य 2.6, ही मध्यरेषा. तिच्यापासून शिखरापर्यंतचे अंतर 1.8 मीटर, हा आयाम. भांगाला भरती 3.3, ओहोटी 1.9. मध्यरेषा तीच, आयाम मात्र 0.7. दोन्ही वेळा आवर्तनकाल सुमारे 12 तास 25 मिनिटे.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर उंची. उधाणाची भरती बाराला धरली, तर तिथे 4.4 वर बिंदू द्या. आवर्तनकालाचे चार भाग करा. 3 वाजून 6 मिनिटांनी मध्यरेषा, सव्वासहाच्या आत तळ, 9 वाजून 19 मिनिटांनी पुन्हा मध्यरेषा, 12 वाजून 25 मिनिटांनी शिखर. हे पाच बिंदू गोलाईने जोडले की कोटिज्येचा, म्हणजे शाळेतल्या कोसाइनचा, वक्र तयार होतो. भांगाच्या दिवशी वक्र बुटका होतो, त्याची रुंदी बदलत नाही.

वक्राचा चढ सगळीकडे सारखा नसतो. उधाणाच्या दिवशी तळानंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम 23 सेंटिमीटर चढते. मध्यरेषेच्या आसपासच्या तासात 90. कालवे काढायला खडकांवर उतरलेल्याने म्हणूनच पूर्ण भरतीच्या तीन तास आधीची वेळ सांभाळावी. पाऊणपटीतून तीन वजा केले की ती मिळते.