शॉर्ट बेड पिकअपला फिफ्थ व्हील हिच: पैसे भरण्याआधी टेप काढा

अमेरिकेत राहणारे आपले काही प्रेक्षक पिकअपने ट्रेलर पोहोचवण्याच्या धंद्याचा विचार करताहेत. इंडियानातल्या एल्कहार्ट भागात कॅम्पर ट्रेलरचे भरपूर कारखाने आहेत, आणि तिथून डीलरपर्यंत माल न्यायला स्वतःची पिकअप असलेले ड्रायव्हर लागतात. (एच-वन-बी व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मग हिच बघा.)

मोठे ट्रेलर मागच्या बंपरला नाही, तर हौद्यात बसवलेल्या हिचला जोडतात. ट्रेलरची किंगपिन त्या हिचच्या प्लेटमध्ये अडकते आणि वजन थेट मागच्या अॅक्सलवर येतं. ओढायला एकदम स्थिर. पण ८ फुटी हौद्यात जे आरामात जमतं, ते साडेपाच-साडेसहा फुटी हौद्यात अडचणीचं होतं. कारण हौदा आखूड म्हणजे हिच केबिनच्या जवळ. गाडी काटकोनात वळवली की ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत!

हिशोब सोपा आहे. ट्रेलरची रुंदी १०२ इंचांपर्यंत असते, म्हणजे पिनपासून बाजूपर्यंत ५१ इंच. आता केबिनची मागची भिंत ते हिचचा मध्य हे अंतर मोजा. समजा ४० इंच भरलं. म्हणजे सरळ तोंडाच्या ट्रेलरला ११ इंच कमी पडतात. ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले असतील किंवा पिन बरीच पुढे काढलेली असेल तर थोडी सूट मिळते, पण ती सूट गृहीत धरू नका, मोजा.

यावर उपाय म्हणजे स्लायडर हिच. मॅन्युअल स्लायडरमध्ये थांबायचं, ट्रेलरचे ब्रेक लावायचे, लिव्हर ओढायचा आणि गाडी हळू पुढे घ्यायची. हिच साधारण १० ते १४ इंच मागे सरकते. मग ती कायम मागेच का ठेवू नये? कारण वजन अॅक्सलच्या मागे जातं, गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. म्हणून हायवेवर परत पुढे. ऑटोमॅटिक स्लायडर वळताना आपोआप सरकतो, उतरायची गरज नाही, पण तो महाग आणि वजनाला जड. तिसरा मार्ग ट्रेलरची पिन बॉक्स बदलण्याचा, ज्याने वळण्याचा बिंदूच मागे जातो.

इथे बरेच जण फसतात. घरच्या कॅम्परसाठी लोक ऑटोमॅटिक घ्या म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. पण तुमचा धंदा दुसऱ्यांचे ट्रेलर पोहोचवण्याचा असेल तर दर फेरीला ट्रेलर वेगळा. पिन बॉक्स बदलणं बादच. बऱ्याच ऑटोमॅटिक स्लायडरनाही ट्रेलरच्या पिनवर वेगळी प्लेट बसवावी लागते. ती दरवेळी कोण बसवणार? अशा कामाला माझं मत मॅन्युअल स्लायडर. स्वतःचाच एक ट्रेलर असेल, म्हणजे फिरतं दुकान वगैरे, आणि रोज अरुंद जागी रिव्हर्स घ्यायचा असेल, तर ऑटोमॅटिकचे पैसे वसूल होतात.

आता वजन. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनवर येतो. ९,००० पौंडांचा ट्रेलर, २० टक्के धरले तर १,८०० पौंड. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर पेलोडचं स्टिकर असतं ते वाचा. तिथे १,६०० लिहिलं असेल तर विषय संपला, कुठलीही हिच घ्या. आणि हिचचं वजन, तुमचं वजन, डिझेलची जादा टाकी, सगळं त्याच १,६०० मध्ये धरायचं. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा इथे कामाचा नाही.

हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा खालचा भाग यांत साधारण ६ इंच मोकळे ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना गाडी आणि ट्रेलरचं मिळून रेटिंग १०,००१ पौंड किंवा जास्त असेल तर यूएसडॉट नंबर लागतो. घरगुती विमा धंद्याच्या फेरीला चालेल असं धरू नका, एजंटकडून लेखी घ्या. आणि हिच बसवल्यावर पहिली फेरी रिकाम्या पार्किंगमध्ये करा: एक माणूस बाहेर उभा, गाडी अगदी हळू, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काच आणि कोपरा यातलं अंतर बघायचं.