एंजिन तेलाची श्यानता
एंजिन तेलाची श्यानता : तेलाच्या प्रवाहास होणारा अंतर्गत रोध. व्यवहारात हिला तेलाचे ‘वजन’ म्हणतात. मात्र डब्यावरील अंकाचा वस्तुमानाशी संबंध नसतो. १००° से. तापमानास एसएई ३० तेलाची श्यानता ९·३ ते १२·५, तर ४० तेलाची १२·५ ते १६·३ सेंटिस्टोक असते.

उन्हाळ्यात गर्दीच्या रस्त्यावर मोटार थांबत थांबत चालते, तेव्हा रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही व तेल तापून पातळ होते. त्यातच एंजिनावर चालणारा पंप मंदगतीमुळे तेल कमी पुरवितो. परिणामी दाब उतरतो आणि भुजादंडाच्या धारव्यांतील तेलपटल क्षीण होऊन धातूवर धातू घासण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून दाट तेल घालण्याकडे कल असतो. ते सरसकट हितावह नाही. दाब वाढलेला दिसला, तरी प्रवाह मंदावतो. घर्षणात शक्ती खर्च होऊन तेल स्वतःच अधिक तापते व इंधन जास्त लागते. झिजलेल्या धारव्यांचा दोष तर केवळ झाकला जातो. निर्मात्याने सुचविलेल्या श्रेणींपैकी उष्ण हवेसाठीची दाट श्रेणी घेणे, एवढीच मोकळीक इष्ट होय.

२०डब्ल्यू-५० यासारख्या बहुश्रेणी तेलांत बहुवारिके मिसळलेली असल्याने तापमानाबरोबर श्यानता कमी बदलते. परंतु दीर्घ वापरात ती तुटतात आणि तेल पातळ होत जाते.